मे महिन्यातली कोंबडी, डिसेंबरातले अंडे

अंड्याचा भाव मराठी वर्तमानपत्रांत वर्षातून साधारण दोनदा ठळकपणे येतो. श्रावण लागला की तो पडल्याची बातमी होते आणि थंडी वाढली की तो चढल्याची. गिऱ्हाइकापुरती गोष्ट तिथेच संपते. लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची, पोल्ट्री चालवणाऱ्याच्या वहीत मात्र वर्षभराचे हवामान जमाखर्चाच्या रूपाने उतरत असते. कोंबडी रोज ठरावीक खाते आणि रोज ठरावीक अंडी देते, हा बाहेरच्यांचा समज. प्रत्यक्षात पारा, दमटपणा आणि दिवसाची लांबी यांतला प्रत्येक बदल तिला जाणवतो. बाजार त्याच वेळी वेगळ्याच पंचांगाने चाललेला असतो. ही दोन्ही पंचांगे जुळली की पोल्ट्री कमावते. ती बहुतेक महिने जुळत नाहीत.

हा धंदा लहान नाही. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंडी झाली. त्यांतली ४६ टक्क्यांच्या आसपास आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि तेलंगण या तीन राज्यांची होती. महाराष्ट्र खाण्यात पुढे, पिकवण्यात मागे. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने सांगितले होते की राज्याला रोज सव्वादोन कोटींहून जास्त अंडी लागतात, तर येथे एक ते सव्वा कोटीच होतात. उरलेली ट्रकांनी तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूतून येतात. त्यामुळे पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या शेडचा नफा निम्मा तिथल्या हवेवर आणि निम्मा हैदराबाद, होस्पेट, नामक्कलच्या हवेवर ठरतो. १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे ‘एनईसीसी’, केंद्रवार रोजचा दर काढते. शेकड्याचा तो दर सकाळी फोनवर आला की पोल्ट्रीवाल्याचा दिवस सुरू होतो.

उन्हाळा: भूक मरते तिथून

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या घरात असते आणि वर पिसांचा कोट. साधारण १८ ते २४ अंश ही तिची सुखाची हवा. तिशी ओलांडली की ती चोच उघडून धापा टाकू लागते. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस असणारे श्वास दीडशेच्या पुढे जातात. उष्णता बाहेर टाकण्याचा तेवढाच मार्ग तिच्याकडे आहे, आणि त्याची किंमत अंड्याच्या कवचातून वसूल होते.

ती कशी, हे पाहण्याजोगे आहे. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्तातले बायकार्बोनेट घटते. कवच जवळपास सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणजे खाद्यात शिंपले आणि चुनखडी कितीही घातली तरी कार्बोनेटची बाजू लंगडी पडते. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री होते. दिवसभर धापा टाकलेली कोंबडी रात्री पातळ कवचाचे अंडे घडवते आणि सकाळी ते पिंजऱ्याच्या उतारावरून घरंगळताना तडकते. तडकी अंडी बेकरीला किंवा ऑम्लेटच्या गाडीला कमी भावात जातात. म्हणून जाणते पोल्ट्रीवाले उन्हाळ्यात पाण्यातून खायचा सोडा आणि ‘क’ जीवनसत्त्व देतात आणि शिंपल्याचा जाडा चुरा दुपारनंतर टाकतात, म्हणजे रात्री लागेल तेव्हा तो पोटात असतो.

दुसरा फटका भुकेचा. खाल्लेले पचवतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून कोंबडी स्वतःहून खाणे कमी करते. वीस ते तीस अंशांच्या दरम्यान दर अंशाला टक्का-दीड टक्का घट होते आणि बत्तिशीच्या पुढे ती दर अंशाला पाच टक्क्यांपर्यंत जाते. पाणी मात्र दुपटीने लागते. थंड हवेत एक किलो खाद्याला दोन लिटर पुरते, कडक उन्हात चारही कमी पडतात. तेही गार हवे. छपरावरच्या काळ्या टाकीतले आणि उन्हात तापलेल्या पाइपातले पाणी निपलमधून आले की कोंबडी एकदा चोच लावते आणि मागे सरते. टाकीवर सावली करणे, पाइप जमिनीखाली घालणे, दुपारी लाइन मोकळी सोडून तापलेले पाणी काढून टाकणे ही कामे जवळपास फुकटात होतात, आणि तीच सर्वांत जास्त राहून जातात.

मे महिन्यात दुपारी दोनला शेडमध्ये गेले तर पहिल्यांदा जाणवते ती शांतता. एरवी कलकलाट करणाऱ्या हजारो कोंबड्या पंख अंगापासून दूर धरून, माना लांबवून उभ्या असतात. पन्हळीतले खाद्य तसेच पडलेले असते. काम करणारा माणूस त्या वेळी शेडमध्ये पाऊल टाकत नाही, कारण नुसत्या दचकण्यानेही दगावणाऱ्या कोंबड्या असतात. खाद्याची वेळ बदलून पहाटे चार-पाचला नेलेली असते. काही जण मध्यरात्री तासभर दिवे लावतात, त्या गारव्यात कोंबड्या उठून खातात आणि पाणी पितात. गोणपाटाचे पडदे ओले, पत्र्यावर उसाचे पाचट किंवा चुन्याची सफेदी, वर स्प्रिंकलर आणि आत फॉगर, असा सगळा सरंजाम दोन-चार अंश उतरवण्यासाठी असतो. २०१५ च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत आंध्र आणि तेलंगणात लाखो कोंबड्या मेल्या. 

हिशेब वेगळेच सांगतो

आता आकडे मांडून पाहू. समजा दहा हजार कोंबड्यांची एक शेड आहे. खाद्याचा दर वर्षभर किलोला २८ रुपये धरू, म्हणजे फक्त हवामानाचा आणि अंड्याच्या भावाचा परिणाम दिसेल. थंडीत कोंबडी ११८ ग्रॅम खाते आणि शेड ९० टक्के अंडी देते. खाद्यखर्च रोज ३३,०४० रुपये. ९,००० अंडी ५ रुपये ८० पैशांनी गेली तर ५२,२०० रुपये येतात. खाद्य वजा जाता १९,१६० रुपये उरतात.

मे महिन्यात तीच कोंबडी ९५ ग्रॅम खाते, उत्पादन ८० टक्क्यांवर येते. खाद्याला २६,६०० रुपये लागतात, ८,००० अंडी ४ रुपये २० पैशांनी ३३,६०० रुपये आणतात. उरतात ७,०००.

आकडे धरलेले असले तरी त्यांतून एक गोष्ट उघड होते. अंड्यामागे खाद्याचा खर्च थंडीत ३ रुपये ६७ पैसे आहे आणि मेमध्ये ३ रुपये ३३ पैसे. म्हणजे उन्हाळ्यात अंडे खाद्याच्या हिशेबाने स्वस्त पडते! मे महिन्यातली हीच ८,००० अंडी थंडीच्या भावाने विकता आली असती तर खाद्य वजा जाता १९,८०० रुपये उरले असते, थंडीपेक्षा किंचित जास्तच. वरवर पाहता खड्डा पाडला तो उन्हाने नव्हे, भावाने.

पण कोंबडी कमी खाऊन ८० टक्के अंडी देते, ती स्वतःचे अंग झिजवून. अंगातले मेद आणि हाडांतले कॅल्शियम अंड्यात जाते. अंड्याचा आकार घटतो, कवच विरळ होते आणि पाऊस पडून गारवा आला तरी घसरलेला कळप पूर्वीच्या रेषेवर पुन्हा येत नाही. ही घट पुढच्या डिसेंबरात ५ टक्के उरली, तर रोज ५०० अंडी कमी. थंडीच्या भावाने दिवसाला २,९०० रुपये आणि चार महिन्यांत जवळपास साडेतीन लाख. शिवाय उष्माघाताने मेलेल्या प्रत्येक कोंबडीबरोबर तिची हिवाळ्यातली कमाई जाते. म्हणून फॉगरवर आणि थंड पाण्यावर केलेला खर्च मे महिन्यातल्या अंड्यांच्या भावाने मोजला तर अंगावर आल्यासारखा वाटतो. तो डिसेंबरातल्या अंड्यांच्या भावाने मोजायला हवा. बरेच छोटे पोल्ट्रीवाले पहिल्या पद्धतीने मोजतात आणि मंदीच्या महिन्यात आधी थंडाव्याच्या खर्चाला कात्री लावतात.

पावसाळा: धोका पोत्यात

पाऊस आला की कोंबडी सुखावते, पण पोल्ट्रीवाल्याची काळजी शेडमधून गोदामात सरकते. उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा ढोबळमानाने ६५ ते ७५ टक्के आणि खाद्यात निम्म्याच्या आसपास मका. मक्यात ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते. ‘अस्परजिलस फ्लेवस’ ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. ते कोंबडीच्या यकृतावर बसते, प्रतिकारशक्ती कमी करते आणि दिलेली लसही नीट लागू पडत नाही. परिणाम लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी अंडी घटतात, तोवर ते पोते संपलेले असते आणि दोष हवेला किंवा पिल्लांच्या जातीला दिला जातो. पोत्याखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर आणि खाद्यात टॉक्सिन बाइंडर हे नेहमीचे उपाय. त्याआधी खरेदीच्या वेळी ओलावा मोजणे हा सर्वांत स्वस्त.

खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतो, तेव्हा तो वर्षातला स्वस्त असतो आणि परतीच्या पावसात सापडला तर सर्वांत ओलाही. बिहारचा रब्बी मका एप्रिल-मेमध्ये येतो. ज्याच्याकडे वाळवायला जागा, कोठार आणि चार महिन्यांचे भांडवल आहे तो या दोन हंगामांत माल भरतो. बाकीचे जुलै-ऑगस्टमध्ये चढ्या भावाने पोते-पोते घेतात, म्हणजे नेमके अंड्याचा भाव पडलेला असताना. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांपुढे गेले आणि सोयापेंडीने पोल्ट्रीचे कंबरडे मोडले, तेव्हा केंद्राला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. अलीकडे मक्याला इथेनॉलचे नवे गिऱ्हाईक मिळाले आहे आणि सुगीतल्या स्वस्ताईवर पूर्वीइतके विसंबता येत नाही.

पावसाळ्याची बाकीची कटकट विष्ठेची. ती सुकत नाही, माश्या वाढतात, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत २५ च्या वर गेले की कोंबडीच्या श्वासनलिकेला इजा होते आणि ई-कोलाय किंवा जुनाट सर्दीसारखे आजार आत शिरतात. कोरडे कोंबडखत बागायतदार हौसेने नेतात, चिखल झालेले कुणी उचलत नाही. पोल्ट्रीच्या जमेची ती एक छोटी बाजूही चार महिने बंद पडते.

थंडी: सुगी आणि सावट

डिसेंबर-जानेवारीत सगळे जुळून येते. कोंबडी भरपूर खाते, कवच घट्ट येते, अंडे मोठे पडते आणि भावही वर असतो. दिवस लहान झाल्याने अंडी घटू नयेत म्हणून पहाटे आणि संध्याकाळी दिवे लावून सोळा तास उजेड पुरा केला जातो. खाद्य जास्त लागते, पण ते परवडते. निफाडसारख्या ठिकाणी पारा एकअंकी होतो तेव्हा पडदे पूर्ण बंद करण्याचा मोह होतो आणि आत अमोनिया साठतो. दिवस-रात्रीच्या तापमानातली मोठी तफावत सर्दीला आमंत्रण देते. हरियाणातल्या बरवाला पट्ट्यात धुक्याचे आठवडे याहून कठीण असतात. तिथे उन्हाळाही ४५ अंशांचा, त्यामुळे तिथल्या शेडला दोन्ही टोके सोसावी लागतात.

वर्षातला सर्वांत मोठा धोका याच चांगल्या हंगामात दडलेला आहे. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात आणि बर्ड फ्लूच्या साथी बहुधा त्याच सुमारास उठतात. भारतातली पहिली नोंद फेब्रुवारी २००६ ची, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची. लेअर पोल्ट्रीचे ते मोठे केंद्र एका आठवड्यात रिकामे झाले आणि देशभर अंडी-चिकनचे भाव कोसळले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यापासून सुरुवात होऊन फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा कोंबड्या माराव्या लागल्या. शिजवलेले अंडे सुरक्षित असते असे सरकार सांगत राहिले, तरी भाव पडायचे थांबले नाहीत. साथ नसलेल्या जिल्ह्यांतल्या पोल्ट्रीवाल्यांचेही कमाईचे आठवडे गेले.

खाणाऱ्यांचे पंचांग

भाव उन्हाळ्यात पडतो त्याला कोंबडी कारण नसते. अंडे ‘गरम’ म्हणून लोक एप्रिलपासून कमी खातात. शाळा बंद असतात. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात आठवड्याला पाच अंडी असतात, नामक्कलचे ते बांधलेले गिऱ्हाईक मे महिन्यात सुट्टीवर जाते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, पण जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, त्यामुळे इथे असा आधार टिकला नाही. मग श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र. कोजागिरीनंतर मागणी उठते, मार्गशीर्षातले गुरुवार थोडा खोडा घालतात, पण थंडी आणि नाताळचे केक ती भरून काढतात.

यात साठवणुकीचा मुद्दा वेगळा मांडायला हवा. आपल्याकडे अंडे सहसा शीतगृहाशिवाय विकले जाते. थंडीत ते पंधरवडाभर निवांत राहते, म्हणून व्यापारी माल धरून ठेवू शकतो आणि पोल्ट्रीवालाही दोन दिवस थांबू शकतो. मे महिन्यात बलक लवकर सैल पडतो, पेट्या दोन-तीन दिवसांत हलवाव्याच लागतात. पोल्ट्रीवाल्याची घासाघीस करण्याची ताकद उन्हाळ्यात अशी आपोआप संपते.

पिल्ले कधी टाकायची

अंड्याच्या दरावर पोल्ट्रीवाल्याचा हात चालत नाही, पाऊसपाण्यावरही नाही. बॅच कधी टाकायची हे मात्र तो ठरवतो. पिल्लू अठरा आठवड्यांनी अंड्यावर येते, अठ्ठावीस आठवड्यांच्या सुमारास ऐन भरात असते आणि ७२ ते ८० आठवड्यांनंतर विकले जाते. मेच्या सुरुवातीला टाकलेली पिल्ले सप्टेंबरात अंडी देऊ लागतात आणि नोव्हेंबरात भरात येतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, ती मे महिना फुकट देतो. पुढचा उन्हाळा त्यांना वर्षाच्या वयात गाठतो, तेव्हा कवच वयानेही पातळ झालेले असते, पण तोवर बॅचने आपले पैसे बऱ्यापैकी सोडवलेले असतात.

नोव्हेंबरात टाकलेल्या बॅचचे उलटे होते. त्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, मार्चमध्ये अंड्यावर येतात. शरीर अजून वाढत असते, अंडी चढत असतात, आणि भुकेची खरी गरज असतानाच ऊन भूक मारते. अशी बॅच पुढे कधीच पूर्ण भर पकडत नाही. तिला हिवाळा सत्तावन्न-अठ्ठावन्न आठवड्यांच्या वयात भेटतो. अंडे मोठे मिळते, पण आपल्याकडे दर मुख्यतः नगावर असल्याने मोठेपणाचे पैसे क्वचितच होतात.

मग सगळेच मेमध्ये पिल्ले का टाकत नाहीत? एक तर हॅचरीची पिल्ले नोंदणीने मिळतात. दुसरे म्हणजे सगळ्यांनी तसे केले तर नोव्हेंबरात अंड्यांचा पूर येईल. मोठे फार्म म्हणूनच दोन-तीन महिन्यांच्या अंतराने बॅच टाकून जोखीम वाटून घेतात. एकच शेड असलेल्याला ती सोय नाही. वय झालेला कळप ज्या महिन्यात जाईल त्या महिन्यात त्याला नवी पिल्ले आणावी लागतात, आणि एकदा चुकलेला महिना पुढच्या बॅचमध्येही चुकत राहतो. कळप पाच-सहा आठवडे आधी विकून वेळापत्रक सरळ करणे कागदावर तोट्याचे दिसते, दोन बॅचचा हिशेब एकत्र मांडला तर अनेकदा ते फायद्याचे निघते.

कूलर कुठे चालतो

या सगळ्यावर तोडगा म्हणून वातानुकूल शेडचे, म्हणजे ‘ईसी शेड’चे नाव घेतले जाते. एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे. तत्त्व विदर्भातल्या घराघरांतल्या कूलरचेच आणि मर्यादाही त्याचीच. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगले पॅड हवा २७ अंशांच्या आसपास आणते. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तेच पॅड ३१ च्या आसपासच थांबते. म्हणून अकोल्यात किंवा बरवाल्यात हा खर्च जसा वसूल होतो तसा कोकणात किंवा गोदावरीच्या मुखाजवळ होत नाही. तिथे वेगाने खेळणारे वारे अधिक उपयोगी. आणि बंद शेडमध्ये वीज गेली, जनित्र सुरू झाले नाही, तर काही मिनिटांत हाहाकार होतो. उघड्या शेडला ती भीती नाही. लांबी पूर्व-पश्चिम, रुंदी तीस फुटांच्या आसपास, उंच छप्पर आणि भोवती झाडे, एवढे बांधतानाच पाळले तर छोट्या शेडचा बराच उन्हाळा निभावतो.

जातीच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेची ‘हितकारी’ आणि उलट्या पिसांची ‘उपकारी’ विकसित केली. पिसे कमी किंवा विस्कटलेली असल्याने उष्णता बाहेर पडायला वाव मिळतो. परसातल्या कोंबडीपालनाला त्या उपयोगी आहेत, पण वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देणाऱ्या पांढऱ्या लेगहॉर्न संकराच्या जागी पिंजऱ्यात त्या परवडत नाहीत. त्याहून कामाचा ठरला आहे तो हवामानाचा सल्ला. नामक्कलच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पुढच्या काही दिवसांच्या अंदाजासह खाद्यात काय बदलावे हे पोल्ट्रीवाल्यांना नियमित सांगितले जाते. कोंबडी कमी खाणार असेल तर त्याच घासात ऊर्जा, अमिनो आम्ले आणि कॅल्शियम जास्त बसवायचे. हा बदल लाट येण्याआधी दोन दिवस करावा लागतो, आल्यावर नाही.

पूर्वीचा अंदाज आता मागे-पुढे होऊ लागला आहे. हवामान विभागाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च २०२२ चा, सर्वाधिक कमाल तापमानाचा फेब्रुवारी २०२३ चा आणि सर्वांत उष्ण वर्ष २०२४ चे. फेब्रुवारी-मार्च हे लेअरसाठी बरे महिने. कोंबडी भरात, भाव पूर्ण उतरलेला नाही. ऊन तिथे शिरले की कमाईचा काळ मागच्या बाजूने आखडतो.

कर्जाचा हप्ता मात्र आखडत नाही. पीककर्जाची परतफेड सुगीशी जोडलेली असते, पोल्ट्रीचा हप्ता बहुतेक बँकांत बारा महिने सारखा असतो, जणू कोंबडी बारा महिने सारखीच कमावते. मग ऑगस्टचा हप्ता भरण्यासाठी पोल्ट्रीवाला उधारीवर खाद्य उचलतो किंवा ऐन कामाचा कळप वेळेआधी विकतो, आणि डिसेंबरात शेड अर्धी रिकामी राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोठा हप्ता आणि मे ते सप्टेंबर नुसते व्याज, असे वेळापत्रक करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. पोल्ट्रीवाल्याच्या वहीतले बारा महिन्यांचे आकडे बँकेने एकदा शेजारी शेजारी मांडून पाहिले तर पुरेसे आहे.